गावच्या प्राण्यांवर मुलांसाठी गोष्ट कशी लिहायची: धनगोपाल मुखर्जींकडून शिकण्यासारखं बरंच आहे

कोकणात प्राण्यांच्या गोष्टी सांगणारी माणसं घरोघरी आहेत, लिहून ठेवणारी मात्र शोधावी लागतात. पोरं मे महिन्यात गावी येतात, पडवीत आजोबांच्या बाजूला बसून बिबट्याच्या, वानरांच्या, वाशिष्ठी नदीतल्या मगरींच्या गोष्टी ऐकतात आणि पाऊस लागायच्या आत मुंबई-पुण्याला परत. पुढच्या मे महिन्यात आजोबा असतीलच असं नाही ना. म्हणून ज्यांना वाटतंय की आपण काहीतरी लिहून ठेवावं पण कुठून सुरू करू कळत नाही, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी गावच्या वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवते, आणि हे सगळं मला ज्या लेखकाकडून सगळ्यात जास्त शिकायला मिळालं त्याचं नाव आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे.

धनगोपाल मुखर्जी. जन्म ६ जुलै १८९० चा, कलकत्त्याजवळच्या गावातला, घराणं पुजारी ब्राह्मणांचं. तरुणपणी शिकायला जपानला गेले, तिथून बोटीने सॅन फ्रान्सिस्को. कॅलिफोर्नियात शेतावर मजुरी केली, लोकांकडे भांडी घासली, बर्कलीला शिकले आणि १९१४ मध्ये स्टॅनफर्डमधून पदवी घेतली. भाऊ जदुगोपाल तिकडे बंगालात क्रांतिकारक, आणि हे इकडे इंग्रजीत कविता, नाटकं लिहितायत, व्याख्यानं देतायत. मग १९२२ मध्ये मुलांसाठी पहिलं गाजलेलं पुस्तक आलं, ‘करी द एलिफंट’. पुढे ‘हरी द जंगल लॅड’, आणि १९२७ मध्ये ‘गे-नेक’, म्हणजे चित्रग्रीव नावाच्या कबुतराची गोष्ट. तिला १९२८ चं न्यूबेरी मेडल मिळालं. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांसाठी हा सगळ्यात मोठा मान समजतात, आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय. १९३६ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कमध्ये ते गेले, वय फक्त ४६.

आता हा माणूस आपल्या कामाचा का, तर त्यांच्यासमोर जी अडचण होती तीच आज आपल्यासमोर आहे. ते ज्या मुलांसाठी लिहीत होते त्या मुलांनी हत्ती बघितला असेल तर सर्कशीत नाहीतर प्राणिसंग्रहालयात, जंगलातून नदीवर आंघोळीला जाणारा हत्ती कधीच नाही. आणि आपली मुलं? गाव कोकणात असलं तरी वाढतायत डोंबिवलीत, विरारला, काही तर दुबईत, आणि खवले मांजर त्यांनी बघितलंय ते मोबाईलवर. म्हणजे आपण ज्याच्यासाठी लिहितोय त्याला व्हाळ म्हणजे ओढा माहीत नाही, सडा म्हणजे कातळाचं माळरान माहीत नाही, गडगा माहीत नाही हे धरूनच लिहायचं, आणि तरी त्याला असं वाटलं पाहिजे की मी तिथे उभा आहे. हे धनगोपालांना फार छान जमायचं.

सुरुवात एकाच प्राण्यापासून करा. एक प्राणी, एक जागा, आणि त्याच्या बाजूला एक मूल. करीची गोष्ट सुरू होते तेव्हा हत्ती पाच महिन्यांचा आहे आणि त्याला सांभाळणारा मुलगा नऊ वर्षांचा, आणि तो टाचा उंच करून उभा राहिला तर त्याचा हात हत्तीच्या पाठीला पोचतो. बघा, दोन वाक्यांत वय कळलं, उंची कळली, नातं कळलं, आणि एवढं सांगताना ‘विशालकाय’ किंवा ‘अजस्त्र’ असला एकही शब्द लागला नाही. मुलाच्या अंगाने माप द्यायचं, हीच युक्ती. कासवाचं पिल्लू लिहायचंय? ते तुझ्या तळहातावर मावेल असं लिहा. गवा लिहायचाय? बाबांना त्याच्या खांद्यापलीकडचं दिसणार नाही असं लिहा. सेंटिमीटर आणि किलो शाळेच्या पुस्तकात असतात, गोष्टीत नकोत.

मग त्याचं खाणं. मुलांना प्राणी काय खातो, किती खातो, चोरून काय खातो यात भयंकर इंटरेस्ट असतो. करी तर दिवसाला ढीगभर कोवळ्या फांद्या खायचा, आणि त्याला पिकलेली केळी फार आवडायची. घरातली केळी गायब व्हायला लागतात, बोलणी पोराला बसतात, आणि मग एक दिवस खिडकीतून सोंड आत येताना दिसते. हा प्रसंग मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मुलं खिदळतात. आणि हसता हसता धनगोपाल एक पक्की गोष्ट सांगून जातात, की हत्तीला चुकीच्या कारणासाठी शिक्षा केली तर तो विसरत नाही. माहिती अशी प्रसंगाच्या पोटात घालायची असते, वेगळा परिच्छेद करून नाही.

आपल्याकडे असे प्रसंग काय कमी आहेत! पहिल्या पावसात शेतात चढणीचे मासे येतात तेव्हा बगळा कुठे उभा राहतो, फणस पिकला की वानरांना कसं कळतं, धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून एका फटीतून तिला फळं भरवत राहतो, तो एक दिवस आला नाही तर? या शेवटच्या प्रश्नातच अख्खी गोष्ट आहे. कुणीतरी लिहा ती.

आता माहिती गोळा कशी करायची, हा भाग जरा सावकाश सांगते कारण इथेच बरेच जण गुगलवर जातात आणि गोष्ट तिथेच मरते. धनगोपालांनी लहानपणी स्वतः कबुतरं पाळली होती, ‘गे-नेक’मधला बराचसा भाग त्या थव्यावरून आलाय. पण कबूतर पुढे पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीवर निरोप नेतं, ते यांनी कुठे बघितलेलं? तर सैन्याची कबुतरं शिकवणाऱ्या लोकांच्या अनुभवातून त्यांनी ते घेतलं. जे बघितलंय ते डोळ्यांतून, जे नाही बघितलं ते ज्याने बघितलंय त्याच्या तोंडून. आपणही तसंच करायचं. रापणीच्या आणि पागाच्या जाळ्याने मासे धरणारे, गुराखी, जंगलखात्याचे वनरक्षक, वेळासला कासवांची घरटी राखणारे गावकरी, या लोकांकडे जे आहे ते कुठल्या साईटवर नाही.

फक्त त्यांना ‘काका, एखादी गोष्ट सांगा ना’ असं म्हणू नका. असं म्हटलं की माणूस एकतर गप्प होतो नाहीतर शंभरदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगतो. छोटे प्रश्न विचारा. शेवटचं कधी बघितलंत? कुठच्या बाजूने आलं? कुत्रे भुंकले का गप्प झाले? उधाण होतं का भांग, म्हणजे भरती मोठी होती का छोटी? वारा कुठला होता? वास आला का? त्याने तुम्हाला बघितलं तेव्हा काय केलं, आणि तुम्ही काय केलंत? एवढं विचारलंत की पाग टाकणारा माणूस स्वतःच सांगायला लागतो की पाणमांजरं खाडीत कशी टोळीने येतात, माशांना कशी कोपऱ्यात घेतात, जाळ्यातला मासा कसा पळवतात, आणि सांगताना त्याला राग पण येत असतो आणि कौतुक पण वाटत असतं. तो राग आणि ते कौतुक दोन्ही लिहून घ्या. आणि शब्द त्याचेच ठेवा, घरी येऊन शुद्ध करू नका.

यानंतरचा प्रश्न, प्राण्याने बोलावं का? माझं मत स्पष्ट आहे, बोलावं, पण त्याला जेवढं ठाऊक असेल तेवढंच बोलावं. ‘गे-नेक’मध्ये बरीचशी गोष्ट मुलगा सांगतो, आणि जिथे मुलगा हजर नाही तिथे कबूतर स्वतः सांगतं, आणि लेखक वाचणाऱ्याला सरळ सांगतात की कल्पनेचा आधार घेतलात तर त्याची भाषा समजायला कठीण नाही. पण ते कबूतर कबूतरच राहतं. त्याला ससाण्याची सावली कळते, वाऱ्याचा झोत कळतो, वादळ कळतं, राजकारण नाही कळत.

कासवाचं पिल्लू घ्या. ऑलिव्ह रिडलेची मादी साधारण हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते, बुजवते आणि समुद्रात परत जाते, ती पिल्लांना कधी बघत नाही. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. आता या पिल्लाला ‘मी रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात जन्मलो’ असं बोलायला लावलंत तर गोष्ट संपली. त्याला काय माहीत असणार? वाळू गरम का गार. अंगावर भावंडांचं ओझं. वर कुठेतरी उजेड. समुद्राच्या बाजूचं आभाळ जास्त उजळ असतं म्हणून ते तिकडे धावतं, आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलचे दिवे जास्त उजळ असतील तर ते उलट दिशेला जातं. हे सगळं पिल्लाच्या तोंडून फक्त ‘दोन उजेड दिसले’ एवढंच येऊ शकतं, आणि कुठला खरा हे वाचणाऱ्या मुलाला माहीत असतं पण पिल्लाला नसतं. बघा कसा जीव टांगणीला लागतो! अंड्यात असताना वाळू जास्त तापली तर माद्या जास्त होतात आणि गार राहिली तर नर, हे पण असंच कुठेतरी गरम-गार वाळूच्या बोलण्यातून येऊ द्या.

आता भीतीबद्दल. आपल्याकडे मुलांच्या गोष्टीतून भीती काढून टाकायची पद्धत पडलीय, ससा हसतो, वाघ हसतो, शेवटी सगळे मिळून केक खातात. हे मला अजिबात पटत नाही. चित्रग्रीवाच्या गोष्टीत पहिल्याच भागात मुलाच्या हातून एक अंडं पडून फुटतं, कारण घरटं साफ करताना कबूतर त्याच्या तोंडावर झेपावतं. पुढे आई-बाप दोघेही मरतात. युद्धावरून परत आलेलं कबूतर घाबरून उडायचंच सोडून देतं, आणि मग हिमालयातल्या बौद्ध मठात एक लामा त्याच्या मनातली भीती हळूहळू काढतो. आणि फक्त पाखराची नाही, त्याच्याबरोबर युद्धावर गेलेला शिकारी घोंड, त्याचं मनही तसंच जखमी झालेलं असतं, त्याच्यावरही तिथेच उपचार होतात. १९२७ सालच्या मुलांच्या पुस्तकात हे आहे, आणि मुलांना ते झेपतं. ती वाचताना गप्प होतात आणि मग खूप प्रश्न विचारतात. म्हणून भीती ठेवा, पण खरी ठेवा, आणि भीतीनंतर काय होतं तेही लिहा, तिथे घाई करू नका.

खवले मांजराच्या गोष्टीत तर भीती हाच कणा आहे. दात नाहीत, नजर अधू, लांब जीभ घालून मुंग्या आणि वाळवी खातं, दिवसा बिळात आणि रात्री बाहेर. पिल्लू बहुतेक एकच असतं आणि ते आईच्या शेपटीच्या बुंध्यावर बसून फिरतं. धोका दिसला की आई पिल्लाला पोटाशी घेते आणि अंगाचा गोळा करते, खवले बाहेर. बिबट्या आला तरी पंजे मारून मारून कंटाळून निघून जातो. पण माणूस आला की? ते तेच करतं, गोळा करून गप्प पडून राहतं, आणि माणूस तो गोळा सरळ उचलून पोत्यात घालतो. लाखो वर्षं ज्या युक्तीने जीव वाचवला त्याच युक्तीने घात होतो. मी तरी यापेक्षा जास्त गलबलून टाकणारी गोष्ट आपल्या जंगलात दुसरी बघितली नाही. आणि याला दुसरी बाजू पण आहे, चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात लोकांनी खवले मांजरासाठी उत्सव सुरू केला, खवलोत्सव, म्हणजे ज्याची शिकार व्हायची त्याचीच पालखी. तुमच्या गोष्टीतलं मूल त्या गावचं असू शकतं.

एक फार महत्त्वाचं सांगायचंय इथे. गोष्टीत जागेचं खरं वर्णन करा पण पत्ता देऊ नका. खवले मांजराचं बीळ, धनेशाची ढोली, समुद्रगरुडाचं घरटं, कुठच्या वाडीत, कुठच्या देवराईत, कुठच्या झाडावर, हे लिहू नका, फोटो टाकू नका. खवल्यांसाठी शिकार करणारे पण वाचतात हो. नावं बदला, व्हाळ उजवीकडचा डावीकडे न्या, गोष्टीचं काही बिघडत नाही.

शेतकऱ्याची बाजू विसरू नका. शहरातली मुलं वाचणार म्हणून प्राणी चांगला आणि माणूस वाईट असं लिहिणं सोपं आहे, पण ते खोटं आहे. सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २००२ च्या सुमाराला कर्नाटकातून हत्ती उतरले, तेव्हापासून तिलारीच्या बाजूच्या लोकांना विचारा. केळीची बाग एका रात्रीत आडवी, माड मोडलेले, सुपारी तुडवलेली, आणि हत्ती आले की रात्रभर जागं राहायचं. त्याच घरात गणपती बसतो, त्याच घरातली आजी हत्तीला हात जोडते आणि त्याच हाताने सकाळी मोडलेले माड मोजते. हे दोन्ही एका गोष्टीत येऊ दे. करीच्या पुस्तकात मुलगा हत्तीला रोज नदीवर नेतो, घासून काढतो, तो पाळलेला हत्ती. आपला हत्ती पाळलेला नाही, त्याला कुणी नाव ठेवलं म्हणून तो आपला मित्र होत नाही. कुणी दोडामार्गचा मुलगा घेऊन ही गोष्ट लिहील तर ती करीच्या पुढची गोष्ट होईल असं मला खरंच वाटतं.

भाषेचं सांगायचं तर निवेदन साध्या मराठीत आणि माणसं बोलतील ती त्यांच्या बोलीत. आजी मालवणी बोलते तर मालवणीच बोलू दे, ‘खय गेललंस रे?’ हे डोंबिवलीच्या पोराला कळतं, त्याची आजी पण तसंच बोलते. शब्द अनोळखी असेल तर तळटीप नको, त्याच वाक्यात काम करायला लावा. ‘तो गडग्यावर चढला, एक दगड सुटून खाली पडला’ असं लिहिलंत की गडगा म्हणजे दगड रचलेली भिंत असणार हे कळलंच. आणि एकेका पानावर असे शब्द थोडेच ठेवा, नाहीतर मूल अडखळतं.

लिहून झालं की वाचून दाखवा, आणि हे शेवटी नाही, लिहिता लिहिताच. धनगोपालांनी ‘गे-नेक’चा बराच भाग फ्रान्समध्ये ब्रिटनीला राहून लिहिला आणि रोज दुपारी लिहिलेली प्रकरणं नऊ वर्षांच्या पुढच्या मुलांना वाचून दाखवत होते. मला ही त्यांची सगळ्यात आवडलेली गोष्ट. मुलं ‘छान आहे’ म्हणतात त्याच्यावर जाऊ नका, ती बाईंना खूश करायला म्हणतात. त्यांचे पाय बघा. कुठे चुळबुळ सुरू झाली तिथे पेन्सिलीने खूण करा, बहुतेक वेळा तिथे तुम्ही माहिती देत असता किंवा निसर्गाचं वर्णन लांबलेलं असतं. आणि जिथे कुणी मध्येच विचारतं ‘मग त्याची आई?’ तिथे पण खूण करा, कारण तिथे अजून लिहायला पाहिजे. वाचायला सगळ्यात चांगला वेळ गणपतीतला, संध्याकाळची आरती झाली की भजन सुरू व्हायच्या आधी पोरं नुसती हुंदडत असतात, सगळी चाकरमान्यांची पोरं एकत्र मिळतात आणि वयं पण मिश्र असतात. दहा-पंधरा मिनिटांत संपेल एवढंच वाचा, बाकी दुसऱ्या दिवशी.

एकदम स्वतःचं लिहायला जमत नसेल तर आधी धनगोपालांचं एखादं प्रकरण मराठीत करून बघा, हात बसतो. आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतात, म्हणजे त्यांच्या पुस्तकांचे इथले हक्क केव्हाच संपले, तेव्हा मजकूर भाषांतर करायला मोकळा आहे. चित्रांचं मात्र वेगळं बघायचं, ‘गे-नेक’ची चित्रं बोरिस आर्टझिबाशेफ यांची आहेत आणि ते कितीतरी नंतर वारले, त्यामुळे चित्रांचे हक्क वेगळे तपासून घ्या, किंवा सरळ शाळेतल्या मुलांकडून नवीन काढून घ्या. जुन्या प्रती स्कॅन केलेल्या नेटवर मिळतात. भाषा शंभर वर्षांपूर्वीची आहे, काही ठिकाणी प्रार्थना आणि उपदेश लांबतो, तो भाग मी वाचताना गाळते, तुम्हीही गाळा. सुरुवात करीपासून करा, ते छोटं आहे.

छापायचं म्हटलं तर फार खर्च नाही. ए-फोर कागद मधोमध दुमडून, झेरॉक्सवाल्याकडून स्टेपल मारून घेतलं की सोळा पानी पुस्तक होतं, अक्षर मोठं ठेवा, दोन ओळींत जागा सोडा. मागच्या पानावर ज्याने गोष्ट सांगितली त्या काकांचं, आजीचं नाव त्यांना विचारून घाला, आणि पहिली प्रत त्यांना नेऊन द्या. वाचता येत नसेल तर बसून वाचून दाखवा, ते चुका काढतील, ‘तसा नाय, ओहोटी होती तेव्हा’ असं म्हणतील. दुसऱ्या झेरॉक्सच्या आधी त्या दुरुस्त करा. एक प्रत शाळेत, एक वाचनालयात, आणि बाकीच्या मुंबईला जाणाऱ्या पोरांच्या बॅगेत कोकमाच्या बाटलीपासून जरा लांब ठेवून.